पोटातले कावळे, इंग्रजीतून

माझ्या पहिल्या इंग्रजी कथेचं पहिलं वाक्य असं होतं : ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह, आय बेग टू स्टेट दॅट इट वॉज रेनिंग.’

वर काहीच नव्हतं. वर नुसता कोरा कागद होता. पण चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेल्या बाईला पाऊससुद्धा कुठल्यातरी संदर्भाशिवाय पाडवत नाही. सरांनी ते वाक्य मोठ्यांदा वाचलं, चष्मा काढला आणि इंग्रजीतच अगदी प्रेमानं विचारलं, “पण यात भीक कोण मागतंय?”

हा क्लास अलकापुरीत, एका कॉफीच्या दुकानाच्या वर, दर रविवारी सकाळी भरायचा. विषय : इंग्रजीतून ललितलेखन. रिटायर झाल्यावर घरात बसून मी ह्यांच्या औषधांच्या गोळ्यांचं रजिस्टर ठेवायला लागले, तेव्हा सुनेनंच माझी फी भरून टाकली. “आई, तुमचं इंग्रजी इतकं चांगलं आहे!” ती म्हणाली. नात चौथीत, इंग्रजी शाळेत. तिचं मत जरा वेगळं होतं. “आजीचं इंग्लिश खूप करेक्ट आहे,” ती म्हणाली, “भीती वाटते.”

क्लासात आम्ही अकरा जण. दहा जणांच्या वयाची बेरीज केली तर ती माझ्या वयाच्या जेमतेम चौपट भरली असती. सर बंगळुरूचे, वय छत्तीस-सदतीस. पहिल्याच दिवशी म्हणाले, मला सर म्हणू नका, नावानं हाक मारा. मुलं लगेच मारायलाही लागली. माझी जीभ काही वळेना. साहेबाला नावानं हाक मारणं म्हणजे आमच्याकडे मेमोच. शेवटी मी मधला मार्ग काढला : कशानंच हाक मारायची नाही. काही विचारायचं असलं की मी खाकरायची. सर माझ्या घशासाठी आल्याचा चहा मागवायचे.

त्यांचा मुख्य मंत्र म्हणजे ‘शो, डोन्ट टेल’. सांगू नका, दाखवा. मला हे फार जड गेलं, कारण कचेरीत आम्ही यातलं काहीच करत नव्हतो. आम्ही ‘फॉरवर्डेड फॉर युअर काइंड पेरुजल’ करायचो. सांगायचं वरच्यानं, दाखवायचं खालच्यानं, आणि ऑडिट आलं तर दोघांनी एकमेकांकडे बोट करायचं. माझी नायिका रडायची तेव्हा ती ‘अंडर इंटिमेशन टू हर हजबंड’ रडायची.

तसं पाहिलं तर बडोद्यात इंग्रजी काव्याचा जन्मच फायलींच्या ढिगाऱ्यात झाला आहे. मी दांडिया बाजारात राहते. क्लासला निघाले की वाटेत अरविंद निवास लागतो. अरविंद घोष १८९३ मध्ये विलायतेहून आले ते थेट सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत, महिना दोनशे रुपयांवर. पण महाराजांनी त्यांना आल्या आल्या कविता करायला बसवलं नाही. आधी जमिनीच्या सर्व्हेचं खातं, मग स्टँप आणि महसूल, मग सचिवालय. कॉलेजात शिकवणं नंतर आलं. त्याच दिवसांत त्यांनी ‘लव्ह अँड डेथ’ हे दीर्घकाव्य लिहिलं आणि पहिला इंग्रजी कवितासंग्रहही इथंच, खासगीत वाटण्यापुरता छापला. त्यांची अडचण माझ्या बरोबर उलटी. वडिलांनी लहानपणीच विलायतेत ठेवल्यामुळे इंग्रजी अस्खलित, आणि मातृभाषा शिकवायला मात्र बंगालहून माणूस बोलवावा लागला. मराठी-गुजराती त्यांनी आमच्या गावात उचलली. म्हणजे स्टँपांच्या खात्यात काम केलेला हा माणूस बंगालीचा क्लास करायचा आणि मी, आवक-जावकवाली, रविवारी इंग्रजीचा. एवढंच साम्य आहे. पुढं ते योगी झाले, मला मणक्याचा त्रास आहे.

तिसऱ्या रविवारी सरांनी ‘भूक’ या विषयावर एक परिच्छेद लिहायला सांगितला. वेळ दहा मिनिटं. फायलीतलं इंग्रजी वापरायचं नाही, अशी मला वेगळी ताकीद. मी पेन धरून बसले. डोकं रिकामं, पोटही रिकामं, कारण रविवारची सेव-उसळ घरचे सगळे माझ्या मागे खात होते. शेवटी इंग्रजी सुचेना म्हणून मनात आलं ते मराठी वाक्य तसंच उचलून इंग्रजीत ठेवलं : माझ्या पोटात कावळे ओरडत होते.

वाचलं आणि वर्गात शांतता पसरली. नाकात रिंग घातलेल्या मुलीनं छातीवर हात ठेवला. सर उठून उभे राहिले. अशी प्रतिमा आपण कुठंच वाचली नाही, म्हणाले. कावळा म्हणजे मृत्यू, कावळा म्हणजे पितर, आणि भूक म्हणजे आत जमलेले पितरच! मला पिंडाला न शिवणारा कावळा आठवला आणि मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

इथं माझं पाऊल वाकडं पडलं, हे कबूल करते. सर एकीकडे म्हणायचे, गुळगुळीत झालेले शब्दप्रयोग टाळा. आणि मराठीत घासून घासून गुळगुळीत झालेला एकेक वाक्प्रचार इंग्रजीत गेला की नव्या नाण्यासारखा चकाकायचा. पुढच्या आठवड्यात माझ्या एका पात्राच्या तोंडात तीळ भिजेना. वर्ग गार. त्याच्या पुढच्या आठवड्यात शेजारणीच्या जिभेला हाड नव्हतं. टाळ्या. मग एका कथेत सासू डोळ्यांत तेल घालून सुनेची वाट पाहत बसली. त्यावर मात्र एक मुलगी हळवी झाली. त्या बाईंवर हा अत्याचार कोण करतं आणि त्या पोलिसांत का जात नाहीत, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तेल त्यांनी स्वतःच घातलं आहे. तिला ते आणखीच भयंकर वाटलं.

घरी शाळेतलं जुनं मराठी व्याकरणाचं पुस्तक होतं, मागे वाक्प्रचारांची यादी असलेलं. ते मी माळ्यावरून काढून घेतलं आणि रोज दुपारी हिंचक्यावर बसून खुणा करायला लागले. (हिंचका म्हणजे झोपाळा. आमच्या बडोद्याच्या मराठीत खिडकीला बारी म्हणतात. पुण्याची मावसबहीण आली की म्हणते, तुमची मराठी किती गोड झाली आहे! आमटीबद्दलही ती हेच म्हणते, आणि तेव्हाही ते कौतुक नसतं.) ह्यांनी विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, क्रिएटिव्ह रायटिंग.

गंमत म्हणजे मी स्वतः पाहिलेलं, स्वतः सुचलेलं असं जे थोडंफार लिहीत होते, त्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. ढुंकून हा शब्दसुद्धा मी इंग्रजीत नेऊन पाहिला, पण तो काही जाईना. कंटाळाही जात नाही. ‘बोअरडम’मध्ये मे महिन्यातल्या दुपारचे तीन वाजत नाहीत. गुजराती ‘कंटाळो’त मात्र बरोबर वाजतात. उष्टंही तसंच. इंग्रजीत उष्टं नसल्यामुळे माझ्या एका कथेचा कळसच गेला, कारण त्यात जावयानं सासूच्या उष्ट्या भांड्यातून पाणी प्यायलं होतं, आणि वर्गाला वाटलं त्याला तहान लागली होती.

पुढं एकदा चोरीचा सुगावा लागला. क्लासमधला एक मुलगा, कारेलीबागेत राहणारा, इंजिनीअर, इतके दिवस इंग्रजीशिवाय काही बोलला नव्हता. जिन्यात त्यानं मला गाठलं आणि शुद्ध मराठीत म्हणाला, “काकू, ‘काखेत कळसा’ मी घेऊ का? तुम्ही अजून वापरला नाहीत ना?”

मी जिन्याचा कठडा धरला. मुलगा मराठी निघाला! आणि इतके आठवडे सगळं ओळखून गप्प बसला होता. आमची तिथंच वाटणी झाली. शरीराचे अवयव माझ्याकडे, कारण त्यात माझा जम बसला होता. भांडीकुंडी आणि जनावरं त्याच्याकडे. हात दाखवून अवलक्षण वादात राहिलं. दोन भावांची वाटणीसुद्धा इतक्या सामोपचारानं होत नाही.

रविवारी त्यानं कथा वाचली. एक माणूस काखेत कळशी धरून गावभर तीच कळशी शोधत हिंडतो. सर भारावले. अस्तित्ववाद, कामू वगैरे म्हणाले. तेवढ्यात मागच्या बाकावरची, मांजलपुरात राहणारी गुजराती मुलगी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “पण आमच्याकडे तर काखेत मूल असतं. आणि गावात दवंडी पिटतात.”

सर तिच्याकडे पाहायला लागले.

“आणि हो,” तिला आता आठवत चाललं होतं, “आंटीच्या पोटात कावळे होते ना, आमच्या बाच्या पोटात बिलाडे बोलतात.”

मग सरांनाच आठवलं की हिंदीत उंदीर धावतात. अर्ध्या भारताच्या पोटात प्राणिसंग्रहालय आहे हे एका मिनिटात उघड झालं. माझ्या पितरांच्या कावळ्यांचे पंख तिथल्या तिथं गळाले. मी तेवढ्यात पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. सर रागावले नाहीत. थोडे दुखावले. ते इतकंच म्हणाले की पुढच्या वेळी कोणाचीही म्हण आणू नका, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी लिहा.

म्हणून मी पूर लिहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री गावात शिरली, ते. बडोदं हे मगरींचं गाव आहे. नदी भर वस्तीतून जाते आणि तिच्यात मगरी राहतात, कॉर्पोरेशनला कर न भरता. पूर आला की त्यांनाही वाटतं, जरा फिरून यावं. त्या आठवड्यात कुणाच्या अंगणात मगर, कुणाच्या गल्लीत मगर. वनखात्याची आणि प्राणिमित्रांची माणसं त्या पकडत फिरत होती. पाणी ओसरल्यावर तर दोन पोरं पकडलेली मगर स्कूटरवरून वनखात्याकडे घेऊन निघाली. एक चालवतोय, मागचा मगर मांडीवर आडवी घेऊन बसलाय, जशी बायको माहेराहून आणलेली सुरळी केलेली सतरंजी धरते. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. मी हे सगळं उपमा न देता, म्हण न घालता, तारखेनिशी लिहिलं. मसुदा तीनदा केला.

सरांनी शेरा दिला : मॅजिक रिअ‍ॅलिझमचा चांगला प्रयत्न, पण स्कूटर जरा जास्त झाली.

वर्गातले बडोदेकर एकदम बोलायला लागले. अकोट्याचा एक जण म्हणाला, आमच्या सोसायटीत आली होती. कुणी मोबाइल काढून व्हिडिओ दाखवला. सर मघाचा शेरा खोडून त्यावर काय लिहावं या विचारात बराच वेळ बसून राहिले. बिचारे पुरानंतरच्या जूनमध्ये गावात राहायला आले होते. मगर दाखवण्यासाठी कमाटीबागेजवळच्या पुलावर त्यांना घेऊन जायचं ठरलं. त्या दिवशी नेमकी एकही दिसली नाही. एक काळं लाकूड दिसलं, त्याचे त्यांनी फोटो काढले.

क्लास संपायला एक रविवार उरला असताना सरांनी मला थांबवून घेतलं. आता ते खाकरत होते. त्यांनी आधीचा भाड्याचा फ्लॅट सोडला होता आणि मालक डिपॉझिट देत नव्हता. दोन महिने फोन उचलत नव्हता. त्यांनी स्वतः पत्र लिहिलं होतं, ते माझ्यापुढे ठेवलं. पत्र सुंदर होतं. सुरुवातीला जखमी आभाळ होतं, मध्ये घर म्हणजे काय यावर एक परिच्छेद होता, भिंतीवरच्या ओलीचा आकार एका अनोळखी बेटासारखा होता. रक्कम कुठंच नव्हती.

मला सयाजीरावांचा किस्सा आठवला. अरविंदबाबूंनी लिहून दिलेलं भाषण वाचून महाराज म्हणाले होते म्हणे, हे जरा साधं करा, महाराजांच्या तोंडी शोभण्यापलीकडे चांगलं झालंय. त्यावर अरविंदबाबूंनी सांगितलं, साधं केलं म्हणून लोक ते तुमचं मानतील असं थोडंच आहे! मी सरांना एवढंच म्हटलं, “जरा साधं करू या.”

लाल पेन मागून घेतलं. आभाळ गेलं. बेट गेलं. विशेषणं एकेक करून काढली, सर प्रत्येकाकडे दात उपटताना बघावं तसे बघत होते. मग वर संदर्भ घातला, भाडेकराराची तारीख, चेकचा नंबर. विषय घालून त्याखाली रेघ ओढली. ‘इट इज रिग्रेटेड टू नोट’नं सुरुवात केली. शेवटी लिहिलं, सात दिवसांत रक्कम परत करण्याची व्यवस्था करावी, ‘फेलिंग व्हिच’, आणि तिथं तीन टिंबं देऊन ‘युअर्स फेथफुली’. एक प्रत मालकाच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला, माहितीसाठी.

पाचव्या दिवशी पैसे जमा झाले. शेवटच्या रविवारी सर माझ्यासाठी लिलो चिवडा घेऊन आले आणि पत्राची झेरॉक्स समोर धरून विचारायला लागले, “पण ‘फेलिंग व्हिच’, पुढे काय? तुम्ही काय करणार होतात?”

“ते लिहायचं नसतं, सर,” मी म्हटलं.

‘सर’ म्हटल्याबद्दल ह्या वेळी त्यांनी काही हरकत घेतली नाही.