मजुरी धरून

आमचे भावोजी एका सहकारी बँकेत तीस वर्षं सोनेतारण खात्यात होते. सराफ दागिना कसाला लावायचा आणि भावोजी समोरच्या बाईंना सांगायचे, "वहिनी, मजुरी धरत नाहीत. खड्यांचं वजनही वजा." बाई म्हणायच्या, अहो, नुसत्या घडणावळीला चार हजार गेलेत. भावोजी चष्म्यावरून बघत. बस्स. त्या नजरेपुढे डोंबिवलीतल्या कित्येक मोहनमाळा निम्म्यावर आल्या.

तेच भावोजी आता घरातला जुना कॉम्प्युटर विकायला निघालेत. मजुरी धरून.

कॉम्प्युटर भाच्याचा. २०१७ साली इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी म्हणून त्याने लॅमिंग्टन रोडला जाऊन एकेक पार्ट निवडून असेंबल करून घेतला. अभ्यासाला सहा जीबीचं ग्राफिक कार्ड कशाला, हे ताईने तेव्हा विचारलं नाही. भाचा आता नोकरीला बंगळूरला. कॉम्प्युटर हॉलमध्ये, ताईने भरतकाम केलेल्या कव्हराखाली.

"तुला यातलं कळतं. किंमत काढ," भावोजी मला म्हणाले आणि माझं तोंड उघडायच्या आत स्वतःच काढून मोकळे झाले. मूळ बिल ६८,४००. दुकानदाराची जोडणावळ १,५००. दादरपर्यंतची टॅक्सी ५००. मागाहून बसवलेले रंगीत दिव्यांचे पंखे ३,०००. यातून घट म्हणून दहा टक्के वजा. "सहासष्ट हजार होतात. घासाघीस होणार, तेव्हा सत्तर सांगू."

जावयाला 'नाही' कसं म्हणायचं, हे आमच्या घरात कुणी शिकलेलंच नाही. तरी मी चाचरत म्हटलं, की जुनं बिल बाजारात कुणी बघत नाही. आज एवढंच काम करणारं नवं यंत्र कितीला पडेल तिथून मोजायचं, आणि त्याच्या निम्मे आले तरी देव पावला. शिवाय अख्खा डबा विकण्यापेक्षा पार्ट सुटे विकले तर थोडे जास्त येतात.

"म्हणजे मंगळसूत्र मोडून वाट्या वेगळ्या विकायच्या? अभद्र बोलू नकोस."

खरं दुखणं २०२१चं होतं. तेव्हा कॉम्प्युटरवर आभासी नाणी 'खणणाऱ्यां'नी बाजारातली कार्डं उचलली होती आणि नुसत्या या कार्डाला एकजण अठरा हजार देत होता. भावोजींनी दिलं नाही. चढत्या भावात माल सोडायचा नसतो, हा सोनेतारणातला धडा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने खणण्याची पद्धतच सोडली, खाणवाल्यांची वापरलेली कार्डं बाजारात आली आणि धडा तिथेच राहिला.

अखेर एक गिऱ्हाईक आलं. कॉलेजातला मुलगा, पाठीला सॅक, खिशात स्क्रूड्रायव्हर. पहिलाच प्रश्न, "काका, मायनिंगला वापरलंय का?"

"आम्ही डोंबिवलीचे," भावोजी म्हणाले, "धनबादचे नव्हे."

"प्रोसेसर?"

"सातव्या पिढीचा." राजवैद्यांचं घराणं सांगावं असा सूर.

"विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून चालतं, काका. आणि १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला." मग त्याने झाकण उघडलं, धूळ फुंकली आणि वहीत लिहीत गेला. कार्ड ५,५००. प्रोसेसर २,५००. मदरबोर्ड २,०००. एसएसडी १,०००. "सोळा जीबी रॅमचे ४,५०० देतो. एआयवाल्यांनी चिपा उचलल्यात, रॅमचा भाव चढलाय."

चढलाय म्हटल्यावर भावोजी जरा पुढे सरकले. "आणि एसएमपीएस?"

"तो मी नवा घालणार. आठ वर्षांच्या पॉवर सप्लायवर भरवसा नको."

"कॅबिनेट?"

"शून्य."

"हे पंखे बघितलेस का? रंग बदलतात."

"दिव्यांचे कोण धरतं, काका?"

"बरं, जोडणावळ?"

"मजुरी तर नाहीच धरत."

खोलीत शांतता पसरली. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तीस वर्षं ती हेच वाक्य जेवताना ऐकत आली होती. भावोजी सावकाश चष्म्यावरून बघू लागले.

पण मुलालाही चष्मा होता.

"पंधरा हजार पाचशे," तो म्हणाला, "रोख."

भावोजींनी त्याला चहा पाजला, चकली दिली, कुठल्या कॉलेजात शिकतोस ते विचारलं. लिफ्टपर्यंत सोडून आले आणि मला म्हणाले, "पोरगा आमच्या खात्यात हवा होता."

कॉम्प्युटर अर्थातच दिला नाही. तो अजून हॉलमध्ये, कव्हराखाली आहे. मागणी आता सत्तरवरून साडेएकोणसत्तर हजारांवर आली आहे. टॅक्सी त्यांनी सोडली. कुणाला हवा असल्यास संध्याकाळी पाचनंतर या. येताना चष्मा लावून या.