हवामानाला पुरून उरणारा दवाखाना

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतले तालुके. इथे पाऊस बेताचा, पूर मात्र वरून येतो: खडकवासल्यातून सोडलेले पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसला भीमेत उतरते आणि पुढे दौंडकडे निघते. त्यामुळे उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात पूर, अशी दोन्ही संकटे आलटून पालटून हजर. यावर कागदोपत्री इलाज झालेला आहे. हवामानबदल व मानवी आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ चा, जागतिक आरोग्य संघटनेची दवाखान्यांसाठीची मार्गदर्शिका २०२० ची.

मैदानी भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. तिथल्या शीतपेटीत लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वीज गेली की पेटीतले बर्फाचे अस्तर काही तास किल्ला लढवते. त्याला प्रशिक्षण, आढावा बैठक वगैरे लागत नाही. पुढचा भरवसा जनरेटरवर आणि डिझेलच्या बिलावर, किंवा छतावरच्या सौरपॅनेलवर. पॅनेल बसवायला निधी असतो, उद्घाटनाला पाहुणे असतात. धूळ पुसायला फडकेसुद्धा कुणाच्या तरी घरचे. उष्माघात कक्ष मार्चमध्येच सजतो. त्यातला कूलर मात्र त्याच विजेवर आणि त्याच टँकरच्या पाण्यावर चालतो.