पोचवणारे अण्णा

कुणाच्या घरी मयत झालं की डॉक्टरच्या सहीची शाई वाळायच्या आत अण्णा दारात उभे असतात. पायजमा दुमडलेला, खांद्यावर पंचा, खिशात सुतळीचा गुंडा. "बाहेरगावचं कोण यायचंय? मुलगी कुठवर आलीय?" हे पहिलं वाक्य. सांत्वन नंतर, वेळ उरला तर.

असा माणूस गावोगाव असतो. कुठं त्याला तात्या म्हणतात, कुठं बापू. आमचे कऱ्हाडचे अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर लोकांना गाडीत बसवून दिलं, आताही तेच करतो, असं ते स्वतःच सांगतात. स्मशानाच्या पासासाठी आधारकार्डाच्या झेरॉक्स किती लागतील, पावसाळ्यात रॉकेल जास्त कुणाकडून मिळेल, शिंकाळं धरणाऱ्याचा हात भाजू नये म्हणून गाठ कुठं मारायची, सगळं तोंडपाठ. हमसून रडणाऱ्या जावयाला ते हार आणायला पिटाळतात, तेही पाचशेची नोट देऊन. सुट्टे मिळेपर्यंत जावई सावरलेला असतो.

पण ही झाली इकडची व्यवस्था. अण्णांचा खरा अधिकार पलीकडच्या रूटवर. गरुडपुराण लोक तेरा दिवस ऐकतात आणि चौदाव्या दिवशी विसरतात. अण्णांनी ते वेळापत्रकासारखं वाचलंय. यमपुरीचं अंतर 86,000 योजनं. जीव एका दिवस-रात्रीत 247 योजनं चालतो. अण्णांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर भागाकार केला. 348 दिवस, आणि बाकी 44.

"ही 44 कुठं गेली, अण्णा?"

"स्टँडात शिरायला लागतातच की तेवढी."

वाटेत सोळा थांबे. पहिला सौम्यपूर, शेवटचा बहुभीती. महिन्याच्या श्राद्धाचा पिंड या थांब्यांवर मिळतो. म्हणून मासिक चुकवणाऱ्या मुलांवर अण्णांचा भारी राग. "बापाला दीड महिना नाष्ट्याला गाडी थांबली नाही रे," असं ते भर बाजारात सुनावतात. वैतरणी नदी शंभर योजनं रुंद, आणि ती ओलांडायला गाईचं शेपूट धरायचं, म्हणून गोदान. हल्ली गोदानाचे पैसेच देतात, गाय कुणी आणत नाही. अण्णांना ते पटत नाही. नोटेचं शेपूट कसं धरणार?

दहाव्याला तर त्यांची कसोटीच. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. तिथं घाटावर पिंड मांडलेला, आणि कावळा झाडावर ढिम्म. घरचे हात जोडून बोलायला लागतात. "दारू सोडतो, दादा." कावळा हलत नाही. "धाकटीचं लग्न मी करून देतो." नाही. अण्णा मागून मोठ्या मुलाच्या कानाशी लागतात, "वाटणीचं बोल." तो घसा खाकरतो, बायकोकडे बघतो, आणि विहिरीजवळचं रान भावाला देईन म्हणतो. कावळा खाली येतो. शिवल्याशिवाय राहतोय कशाला! त्या घाटावर जेवढे दावे मिटलेत, तेवढे कोर्टात मिटले नसतील. तासभर वाट बघूनही नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा आहे. पण अण्णांच्या मते तो बदली ड्रायव्हर. गाडी पोचते, पण त्यात राम नाही.

चिता पेटल्यावर कवटी फुटेपर्यंत माणसं पायऱ्यांवर बसून राहतात. नुसतं बसून काय करणार? एकदा विषय स्वर्गावर आला. ऊसवाला म्हणाला, तोड वेळेवर यावी आणि एफआरपी एकरकमी, 14 दिवसांत खात्यावर. ही मागणी कायद्यातलीच आहे, पण त्याला ती स्वर्गाच्या यादीत घालावी लागली. शाळामास्तर म्हणाले, जिथं निवडणुकीची ड्यूटी नाही तो स्वर्ग. एकाला अप्सरा हव्या होत्या. तो सत्तरीचा होता आणि पायरी उतरायलाही त्याला हात द्यावा लागे. बांधाच्या वादात अडकलेल्या एकानं विचारलं, भाऊबंद पण तिथंच असतात का? विधी सांगणाऱ्या गुरुजींनी सांगून टाकलं की महाभारताच्या शेवटच्या पर्वात धर्मराज स्वर्गात पोचतो, तर समोर दुर्योधन ऐटीत बसलेला. त्या माणसाचा चेहरा एवढा पडला की मयताच्या घरचे त्याचंच सांत्वन करू लागले.

"आणि अण्णा, तुम्हाला काय पाहिजे?"

अण्णा गप्प. एवढा रस्ता पाठ केलेल्या माणसानं मुक्कामाच्या गावाचा विचारच केला नव्हता. बराच विचार करून ते म्हणाले, "तिथं कुणी गेलं, तर निरोप कोण देतं?"

"स्वर्गात मयत होत नाही, अण्णा. अमृत पितात सगळे."

"एकही नाही? वर्षाकाठी एखादं?"

"नाही."

"मग सकाळी उठून माणसानं करायचं काय?"

नंदनवन आहे, कामधेनू आहे, ऐरावत आहे, असं मास्तरांनी समजावून बघितलं. अण्णा विटल्यासारखे चितेकडे बघत राहिले. वैतरणीचा पू-रक्ताचा पूरही त्यांनी जरासुद्धा न कचरता वर्णिला होता, पण या बेकारीच्या बातमीनं ते खचले. शेवटी गुरुजींनाच दया आली. गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितलंय, ते म्हणाले, की पुण्य संपलं की स्वर्गातूनही खाली मृत्युलोकात यावं लागतं.

अण्णांनी मान वळवली. "म्हणजे तिथूनही माणसं जातात?"

"जातात तर."

"रोज?"

"ज्याचं संपेल तो."

अण्णांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि सरसावून बसले. "तेहतीस कोटी देव म्हणता तुम्ही तिथं. त्यातल्या एकाला तरी येतंय का हो हे काम?"