तत्त्वतः मान्य

काल दाराच्या फटीत पुन्हा ते पाकीट. मी न उघडताच बायकोला आतला मजकूर सांगितला आणि तो शब्द न् शब्द बरोबर निघाला. अंगणात चिमण्यांच्या दाण्याची पेटी टांगण्याचा माझा अर्ज आमच्या असोसिएशनच्या आर्किटेक्चरल कमिटीने तत्त्वतः मान्य केला होता. म्हणजे पेटी टांगायची नाही.

कमिटीचे अध्यक्ष आपलेच, मूळचे कोथरूडचे. तुम्ही त्यांना ओळखता. तुमच्या सोसायटीत पार्किंगच्या पिवळ्या रेघांवरून कोणाचं चाक किती बोटं बाहेर आलंय हे पाहणारे, गच्चीची किल्ली देताना वहीत सही घेणारे, ते हेच. फरक इतकाच, की आमचे काका हे सगळं मिनिआपोलिसच्या उपनगरात, उणे 20 फॅरनहाइटमध्ये, कानटोपीवर दुसरी कानटोपी घालून करतात. वस्तीतली मराठी मंडळी त्यांच्या माघारी त्यांना तत्त्वतःकाका म्हणतात. समोर नुसतं काका.

अमेरिकन शेजाऱ्यांना हा शब्द फार महागात पडला आहे. दोन घरं पलीकडे राहणाऱ्या नॉर्वेजियन वंशाच्या आजोबांनी पुढच्या दाराला लाल रंग देण्याची परवानगी मागितली. काका सभेत उभे राहून म्हणाले, ‘‘अप्रूव्ड, इन प्रिन्सिपल.’’ बिचाऱ्या आजोबांना वाटलं, यातला ‘अप्रूव्ड’ हा शब्द मुख्य आहे. शनिवारी दार रंगलं, सोमवारी नोटीस आली. लाल रंग तत्त्वतः मान्य होता; प्रत्यक्षात मान्य होते ते मातकट रंगाचे तीन प्रकार. मराठी माणूस असा फसला नसता. महाराष्ट्रात ज्याने एकदा तरी सरकारी टेबलासमोर कागद धरून पाहिलाय, त्याला ‘तत्त्वतः’चा अर्थ पाठ असतो : नाही, पण चहा घेऊन जा.

काकूंना विचारलं तर त्या हात जोडतात. ‘‘मला बघायला आले, दोनदा कांदेपोहे घेतले आणि घरी जाऊन निरोप धाडला, मुलगी तत्त्वतः पसंत आहे. माझे बाबा आठ दिवस शब्दकोश घेऊन बसले होते.’’ गणपतीत आमच्याकडचे मोदक खाऊन ‘चव तत्त्वतः बरोबर आहे’ असा अभिप्राय मिळाला, त्याला तीन वर्षं झाली. माझी बायको अजून त्यावर विचार करते आहे.

पण खरं प्रकरण आमच्या छपराचं.

2022-23च्या हिवाळ्यात इथे 90 इंचांवर बर्फ पडला. जानेवारीत आमच्या जेवणाच्या टेबलावर, बरोबर पोह्यांच्या पातेल्याच्या वर, छताला एक तपकिरी डाग उमटला. पहिल्या दिवशी तो गोव्याएवढा होता. तिसऱ्या दिवशी त्यात कोकण आलं आणि आठवड्याभरात तो विदर्भाच्या दिशेने सरकू लागला.

कोकणात वाढलेल्या माणसाला पागोळ्यांची काय नवलाई! पण इथल्या पागोळ्या गोठतात, हातभर लांब होतात आणि आपण हौसेने त्यांचे फोटो गावी पाठवतो. त्या शोभेच्या नसतात, हे मला त्या डागाने शिकवलं. घरातली ऊब माळ्यात झिरपते, तिने छपराचा वरचा भाग तापतो आणि त्यावरच्या बर्फाचा खालचा थर वितळतो. ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येतं. वळचणीखाली घर नाही, म्हणजे ऊबही नाही. तिथे ते पुन्हा गोठतं आणि कडेला बर्फाचा बांध बसतो. मागून येणारं पाणी त्या बांधाला तुंबतं. छपराच्या शिंगल्स खाली उतरणाऱ्या पाण्यासाठी रचलेल्या असतात, वर चढणाऱ्या पाण्याची त्यांना कल्पनाच नसते. ते गुपचूप त्यांच्या खालून शिरतं आणि पोह्यांत उतरतं.

यावर लोक छपराच्या कडेने नागमोडी विजेची केबल लावतात. ती तापली की बांधातून पाण्याला वाट मिळते. मी अर्ज केला. त्याच संध्याकाळी काका टेप आणि टॉर्च घेऊन हजर.

‘‘केबल तत्त्वतः मान्य आहे,’’ छताकडे बघत ते म्हणाले. ‘‘पण आत्ता नाही.’’

‘‘काका, पाणी आत्ता येतंय.’’

‘‘पाणी आत्ता येतंय, पण अर्ज सप्टेंबरात यायला हवा होता. या थंडीत शिंगल तडकते, क्लिपचा गोंद धरत नाही. आणि शिडी ज्या बर्फावर उभी राहणार, तो बर्फ आपल्या असोसिएशनचा सभासद नाही. तो नियम पाळणार नाही.’’

मी हातोडीने तो बांध फोडतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आजवर कुठली परीक्षा पास झालो असेन यावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी घरून लांब दांड्याचं छपराचं फावडं आणून दिलं. जमिनीवर उभं राहून कडेचा तीन-चार फुटांचा बर्फ ओढून काढायचा. फावडं दिल्याची माझी सही घेतली.

सप्टेंबरात रीतसर अर्ज केला. सोबत सहा कागद : नकाशा, उत्पादकाचं माहितीपत्रक, कंत्राटदाराच्या विम्याचा दाखला, इलेक्ट्रिशियनचा परवाना वगैरे. माझ्या नकाशात केबलचे अकरा त्रिकोण होते आणि शेजाऱ्याच्या छपरावर तेवढ्याच लांबीत दहा. यामुळे वस्तीच्या एकसारखेपणाला बाधा येते, असं कमिटीचं मत पडलं. मी म्हटलं, काका, बर्फ पडल्यावर हे त्रिकोण मोजणार कोण? ‘‘मी,’’ काका म्हणाले.

आता रागावून का होईना, कबूल करायला हवं, की बाकीच्या गोष्टींत म्हातारा चुकत नव्हता. त्रिकोणाचं वरचं टोक घराच्या बाहेरच्या भिंतीच्या रेषेपलीकडे, उबदार भागापर्यंत गेलं पाहिजे. केबल पन्हळीतून जाऊन खाली उतरणाऱ्या नळाच्या पार खालच्या तोंडापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर वर वितळलेलं पाणी नळात गोठतं. त्याआधी पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, कारण सुका पाला आणि तापलेली तार यांची मैत्री बरी नाही. स्वस्तातली केबल सगळीकडे सारखीच तापते. ती स्वतःलाच कुठे शिवली तर तिथे जळते, आणि लांब झाली म्हणून कापताही येत नाही. खिळा नाही, क्लिपच. एक्स्टेन्शन कॉर्ड नाही. वेगळं सर्किट, त्याला ग्राउंड-फॉल्टचं संरक्षण. अमेरिकेच्या विद्युत संहितेत बाहेरचा बर्फ वितळवणाऱ्या उपकरणांना स्वतंत्र प्रकरणच आहे, 426 क्रमांकाचं. काका ते ‘चारशे सव्वीस’ असं शुद्ध मराठीत, डोळे किंचित मिटून म्हणतात.

इलेक्ट्रिशियन पोरगा विशी-बाविशीचा. त्याने शिडी लावली, काकांनी टेप काढली. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर हवा, शिडीचं टोक कडेच्या वर तीन फूट हवं. पोराला दोनदा खाली उतरवलं. तिसऱ्या वेळी तो चढला तेव्हा काकांनी शिडी दोन्ही हातांनी धरली आणि तो उतरेपर्यंत, पाऊण तास, सोडली नाही.

मग स्वतः माळ्यावर चढले. वय 68. आडव्या तुळयांवर गुडघे टेकत, इन्सुलेशनच्या गुलाबी कापसात खोकत ते टॉर्च फिरवत राहिले आणि शेवटी ओरडले, ‘‘सापडला!’’ आमच्या न्हाणीघरातला पंखा सगळी वाफ छपराबाहेर सोडायच्या ऐवजी माळ्यात सोडत होता. इतकी वर्षं मी आंघोळ करत होतो आणि छप्पर तापत होतं. ‘‘केबल म्हणजे तापावरची गोळी आहे,’’ खाली येऊन ते म्हणाले. ‘‘तुझा ताप इथे होता. सव्वाशे फूट केबल, फुटाला पाच वॉट, दिवसभर चालली तर पंधरा युनिट जळतील. हा माळा बुजवलास तर ती फार वेळा लावावीच लागणार नाही.’’ मग फोमचा डबा घेऊन पुन्हा वर गेले आणि दिव्यांभोवतीच्या, पायपांभोवतीच्या फटी त्यांनीच बुजवल्या. त्या दुपारी एकदाही ‘तत्त्वतः’ म्हणाले नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्या लाल दारवाल्या आजोबांचं पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एका पहाटे मी गाडीवरचा बर्फ खरडायला बाहेर आलो, तर त्यांच्या दारापुढे दोन कानटोप्या घातलेली एक आकृती लांब फावड्याने छपराचा बर्फ ओढत होती. अर्ज नव्हता, सही नव्हती. मी हाक मारली.

‘‘तत्त्वतः मी इथे नाहीच,’’ काका म्हणाले आणि ओढत राहिले.

ते इथे आले 1991च्या ऑक्टोबरात. दोन आठवड्यांत हॅलोविनचं ते प्रसिद्ध वादळ झालं, 28.4 इंच बर्फ पडला, आणि दार उघडेना म्हणून काकू रडल्या. तेव्हाच ठरलं, पाच वर्षं काढायची आणि परत जायचं. तो निर्णय अजून तत्त्वतः कायम आहे. त्यासाठी कोथरूडला फ्लॅट घेऊन ठेवला आहे, सगळ्यात वरच्या मजल्यावर. बंद आहे.

परवा चहाला बसलो असताना त्यांनी फोन पुढे केला. फ्लॅटच्या बैठकीच्या खोलीचा फोटो, त्यांच्या भाच्याने पाठवलेला. गच्चीतून दर पावसाळ्यात पाणी उतरतं. आमचा डाग विदर्भाच्या वाटेवर थांबला होता. इथे संयुक्त महाराष्ट्र केव्हाच झाला होता, बेळगावसकट. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सहा वर्षांत त्यांनी सोसायटीला नऊ अर्ज केले आहेत, प्रत्येकी सगळ्या कागदांनिशी. नवव्याचं उत्तर त्यांनी मला वाचायला दिलं. ‘आपला अर्ज कमिटीने तत्त्वतः मान्य केला आहे.’

मी हसलो. ते हसले नाहीत. फोन घेऊन तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत राहिले, कोपऱ्यात कपाटावर ठेवलेल्या, प्लास्टिक न काढलेल्या सीलिंग फॅनच्या खोक्यापर्यंत पाणी आलंय का ते.

तेव्हा कोथरूडच्या त्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांना एक विनंती. तुम्हाला आम्ही ओळखतो, तुमच्यासारखेच एक आमच्याकडे आहेत. वरच्या मजल्यावरच्या त्या बंद फ्लॅटच्या गळतीचा अर्ज तुमच्या टेबलावर आहे. जूनच्या आत मंजूर करा. तत्त्वतः नको, सही-शिक्क्यानिशी.