फोटो जोडा, मग बघू
(नव्या ऑनलाइन दुकानदारांसाठी पहिले धडे)

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली लावून आपल्या आधीच्या पिढ्यांनी सुखाने धंदा केला. तुमच्या नशिबी ते सुख नाही. तुमचं दुकान ऑनलाइन, त्यातून साड्यांचं. आणि २०२० सालचे ई-कॉमर्सचे नियम म्हणतात की माल सदोष निघाला, जाहिरातीत दाखवल्यासारखा नसला किंवा कबूल केलेली तारीख टळल्यावर पोहोचला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येणार नाही. वाईट वाटलं ना? वाटणारच. पण खचू नका. नकार देता येत नाही. ‘फोटो पाठवा’ असं म्हणायला मात्र कुणाची बंदी नाही. तेवढ्या फटीतून काय काय निसटतं, ते क्रमाने पाहू.

१. सोय म्हणून जाहीर करा.

‘आता रिटर्न आणखी सोपं! फक्त एक फोटो जोडा!’ असं ठळक अक्षरांत लिहा. खरं तर ही सोय चांगलीच आहे, आणि काही भाबडे दुकानदार ती चांगल्यासाठी वापरतातही. फोटोत उसवलेला काठ दिसला की पैसे परत करून मोकळे होतात. माल स्वस्त असला तर पार्सल परत मागवण्याचा खर्चच जास्त, म्हणून ‘राहू द्या तुमच्याकडे’ असंही म्हणतात. अशा लोकांच्या नादी लागू नका. त्यांचं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं आणि दिवसभर फुरसत मिळत नाही.

२. खिडकी लहान ठेवा.

फोटोच्या आकाराची मर्यादा दोन एमबी ठेवा. आजकालचा बरा फोन काढतो तो फोटो बहुधा याहून मोठा असतो. शिवाय फक्त ‘जेपीजी’ स्वीकारा. आयफोन २०१७ पासून आपले फोटो ‘एचईआयसी’ नावाच्या वेगळ्याच प्रकारात साठवतो, हे आयफोन वापरणाऱ्या बहुतेकांना तुमच्या खिडकीपाशी आल्यावरच कळेल. तेवढंच लोकशिक्षण.

यावर मराठी माणूस काय तोड काढतो, तेही ओळखून ठेवा. तो फोटो व्हॉट्सअॅपवर घरातल्या कुणाला तरी पाठवतो आणि तिथून परत उतरवून घेतो. फोटो लहान होतो. तो आनंदाने अपलोड करतो. आता उत्तर द्या: ‘फोटो अस्पष्ट आहे. कृपया मूळ फोटो पाठवा.’

आणि हो, उत्पादनाखाली अभिप्राय देण्याची जी खिडकी असते, तिथे यातली एकही मर्यादा घालू नका. पाच तारे देणाऱ्याचा फोटो कुठल्याही आकाराचा, कुठल्याही प्रकारचा, बोट आडवं आलेला असला तरी क्षणात चढला पाहिजे. दोन्ही खिडक्या एकाच माणसाने बनवल्यात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

३. जे फोटोत येत नाही, त्याचा फोटो मागा.

साडीसोबत ब्लाउजपीस आला नाही अशी तक्रार आली, की न आलेल्या ब्लाउजपीसचा फोटो मागा. कापडाला रॉकेलचा वास येतोय? वासाचा फोटो. पुढेमागे मिक्सर विकायला लागलात तर आवाजाचा, चपला विकायला लागलात तर चावण्याचा. खिडकीवर लाल चांदणी हवी, म्हणजे फोटोशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. नाशिकच्या एखाद्या काकू कंटाळून रिकाम्या पलंगाचा फोटो पाठवतील. तो ‘विषयाशी संबंधित नाही’ म्हणून परत करा.

४. नुसत्या फोटोवर थांबू नका.

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ मागा. सहाही बाजू दिसल्या पाहिजेत, पत्त्याचं लेबल वाचता आलं पाहिजे, मध्ये कट नको. एका हातात फोन, दुसऱ्यात कात्री, तिसऱ्यात खोकं. ज्यांच्या घरी तिसरा हात नाही त्यांनी शेजारच्या वहिनींना बोलवावं. आपली संस्कृती तीच आहे. आता खरी युक्ती. ‘खोकं उघडण्यापूर्वी व्हिडिओ सुरू करावा, अन्यथा तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही’ ही सूचना सुबक कागदावर छापा आणि तो कागद खोक्याच्या आत ठेवा.

५. रंगाच्या बाबतीत तत्त्वनिष्ठ राहा.

साड्यांच्या धंद्यात निम्मं भांडण रंगाचं, म्हणून हा धडा नीट वाचा. मराठी बाईला चिंतामणी, मोरपंखी आणि रामा यांतला फरक दिवे गेलेल्या घरातही कळतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला भर दुपारी कळत नाही. पांढरं कशाला म्हणायचं हे तो खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्वतःच ठरवतो आणि बाकीचे रंग त्या हिशेबाने सरकवतो. ट्यूबखाली काढलेला फोटो निळसर, पिवळ्या दिव्याखालचा केशरी. थोडक्यात, ज्या गोष्टीची तक्रार आहे नेमकी तीच फोटोत सिद्ध होऊ शकत नाही. धंद्याला निसर्गाची साथ असावी ती अशी.

तुमचा स्वतःचा फोटो ही मात्र वेगळी गोष्ट. स्टुडिओतले दिवे, वर दोन फिल्टर, आणि हल्ली तर साडी नेसलेली बाईही संगणकाने काढलेली; तिच्या अंगावरची साडी कुठल्या मागावर विणलीच गेलेली नसते. त्या फोटोखाली मुंगीच्या अक्षरात लिहा: ‘चित्र केवळ प्रातिनिधिक. प्रत्यक्ष रंगात फरक असू शकतो.’ तुमचा फोटो साडी विकतो, पण तो पुरावा नाही. गिऱ्हाइकाचा फोटो साडी परत करू पाहतो, म्हणून तो कोर्टात टिकेल इतका पक्का असला पाहिजे. हा भेद मनात एकदा पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

संवादाचा नमुना पाठ करून ठेवा.

‘अहो दादा, मी चिंतामणी मागवली होती, ही सरळ सरळ हिरवी आहे.’
‘मॅडम, फोटोत निळसर दिसतेय.’
‘तो ट्यूबमुळे. सकाळी उन्हात काढून पाठवू का?’
‘पाठवा ना मॅडम. फक्त आपली रिटर्नची मुदत आज रात्री बाराला संपतेय.’

नवरात्रात विशेष जपा. प्रत्येक माळेचा रंग ठरलेला, ऑफिसातल्या सगळ्याजणी त्याच रंगात, आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या हाती पोपटीऐवजी राखाडी. तिला धीर द्या. कॅलेंडर बघून राखाडीचा दिवस कधी आहे तेही सांगा. याला सेवा म्हणतात.

६. गिऱ्हाईकही धुतल्या तांदळासारखं नसतं.

हे विसरू नका. याच आधारावर वरचं सगळं उभं आहे. टॅग न काढता, ब्लाउजच्या आत खोचून, लग्नात दिवसभर मिरवलेल्या साड्या ‘पोत आवडला नाही’ म्हणून परत येतात, आणि निऱ्यांवर हळदीचं बोट असतं. पाकिटात नव्या साडीऐवजी जुनी घडी घालून पाठवणारेही आहेत. आता तर धडधाकट कपाच्या फोटोवर संगणकाकडून तडा काढून घेता येतो. हे खोटं नाही, आणि लहान दुकानदाराला अशा दोन-चार पार्सलांनी खरंच घाम फुटतो.

यावर उपाय एकच: सगळ्यांना चोर धरा. चोराचा यात फारसा तोटा होत नाही. त्याचे फोटो उत्तम असतात, सहाही बाजूंनी, योग्य आकारात, पहिल्याच प्रयत्नात.

पिकअपला जाणाऱ्या मुलालाही कामाला लावा. त्याने दारात उभं राहून फोटो आणि साडी ताडून बघायची. नारायणपेठ आणि इरकल यांतला फरक त्याला दोन मिनिटांत कळला पाहिजे. पैसे मात्र त्याला पार्सलमागे.

७. कारणांची यादी आखूड ठेवा.

‘खराब माल’ हा पर्याय निवडला की फोटो लागतो. ‘विचार बदलला’ निवडला तर लागत नाही, फक्त परतीचं भाडं गिऱ्हाइकाच्या माथी. दमलेला माणूस तिसऱ्या प्रयत्नानंतर आपला विचार बदलतो.

८. कायद्याशी मैत्री ठेवा.

नियमाप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. पोच लगेच द्या. तेवढं काम मशीनही करतं. ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ आणि खाली दोन जोडलेले हात. उरलेला महिना ‘आणखी एक फोटो’ मागण्यात जातो.

शिवाय केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन गिऱ्हाइकाला अडकवण्याच्या तेरा क्लृप्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं, असं बरंच आहे त्यात. तुमच्यासारख्या नवशिक्याला इतका सुटसुटीत अभ्यासक्रम फुकट कुठे मिळणार? त्यात फोटोची खिडकी नावानिशी नाही. वकिलाला मात्र विचारू नका. नाव नसलं तरी कशात बसतं ते तो सांगून टाकेल.

९. ‘१९१५’ हा आकडा दिसला की वागणं बदला.

हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. बहुतेक गिऱ्हाइकांना तो ठाऊक नसतो. पण एखाद्या निवृत्त गुरुजींनी तो लिहिला, वर ‘पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क करता येते’ असंही जोडलं, तर फोटो एकदम स्पष्ट दिसू लागतो. रंगही चिंतामणी नाही हे पटतं. संध्याकाळपर्यंत पैसे परत करा आणि ‘खास आपल्यासाठी अपवाद’ असं कळवा.

१०. जमलेले फोटो वाया घालवू नका.

वर्षाकाठी शेकडो फोटो साठतात. ‘अस्पष्ट’ म्हणून परत केलेल्यांतही काही सुरेख निघतात: सकाळचं ऊन, अंगणातली दोरी, तिच्यावर सोडलेला पदर. फोटो ज्याने काढला त्याच्या मालकीचा असतो, म्हणून अटींच्या कलमांत खोलवर कुठेतरी ‘अपलोड केलेली चित्रं वापरण्याची परवानगी’ आधीच घेऊन ठेवा. मग डागाचा कोपरा कापा, उरलेला फोटो दुकानाच्या पहिल्या पानावर लावा आणि खाली लिहा: ‘आमच्या ग्राहकाने टिपलेलं, कोणताही फिल्टर नाही.’