उतरणं फुकट, चढणं जादा

फुगवायची होडी विकत घ्यायला निघालेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. किती माणसं बसतात? इंजिन किती हॉर्सपॉवरचं चालेल? घडी करून डिकीत मावते का? आणि मग, आवाज जरा खाली आणून, पंक्चर झाली तर? दुकानदारही सराईत असतो. हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, एक गेला तरी बाकीचे तरंगवतात, असं तो सांगतो आणि ते खरंही असतं. कॅटलॉगात निळ्या पाण्यावर एक कुटुंब बसलेलं असतं. आई हसते, बाबा हसतात, मुलं हसतात, कुत्रा असला तर तोही. पाण्यात मात्र त्या चित्रात कोणीच नसतं. त्यामुळे पाण्यातून परत आत कसं यायचं, हा विषय गिऱ्हाइकाला सुचत नाही आणि दुकानदार आपण होऊन काढत नाही. शिडी? ती ‘ॲक्सेसरीज’मध्ये, कप ठेवायच्या खोबणीच्या खाली.

अलिबाग पट्ट्यात शनिवार-रविवारपुरते खलाशी होणाऱ्यांची एक जमात आहे. त्यातल्या एका नमुन्याला आपण साहेब म्हणू. साहेबांची होडी तीन मीटरची, राखाडी, मागच्या फळीला इंजिन. रेवदंड्याच्या खाडीत तिच्या पहिल्या पाण्याला नारळ फुटतो, इंजिनाला झेंडूचा हार पडतो, फोटो निघतात. मग सगळ्यांच्या देखत साहेब पाण्यात उडी मारतात. उडी छानच होते.

पुढचं तेवढं छान होत नाही. ट्यूबची जाडी चाळीसेक सेंटीमीटर, वर ती ओली, गुळगुळीत आणि गोल. धरायला कडेची दोरी आहे, पण पायाखाली काही नाही. गळ्यापर्यंत पाण्यात असताना ऐंशी किलोचा माणूस स्वतःला जेमतेम काही किलोंचा वाटतो, कारण बाकीचं ओझं पाणी उचलत असतं. छाती वर येऊ लागली की पाणी आपला हात काढून घेतं आणि प्रत्येक इंचाला हिशेब वाढत जातो. त्यात लाइफ जॅकेट. बुडू नये म्हणून छातीवर बांधलेला तो जाड फोम नेमका ट्यूबच्या काठाला अडतो. शिवाय इंजिन सोडलं तर अशा होडीचं वजन पुष्कळदा मालकाच्या निम्मं असतं. मालक होडीवर चढतोय की होडी मालकावर, हे काठावरून सांगणं कठीण जातं.

यावर शिडीशिवायचा एक रीतसर उपाय आहे. दोरी घट्ट धरायची, पाय मागे आडवे करायचे, जोरात लाथा मारायच्या आणि त्या रेट्यातच छाती ट्यूबवरून आत लोटायची. विशीतल्या पोराला हे जमतं. पन्नाशीतले साहेब आत येतात ते दोघा मेव्हण्यांनी जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून ओढल्यावर. आत येतात तेही डोकं खाली, पाय वर. धक्क्यावरून हे सगळं शांतपणे पाहणारा नाखवा एवढंच विचारतो, “शेठ, बोटीत दुसरं कोणी नसतं तर?”

बोटीत दुसरं कोणी नसण्याचा अनुभव आलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरने घेतलेला आहे. 1952 साली तो एकटा, सुमारे साडेचार मीटरच्या रबरी होडीतून अटलांटिक ओलांडायला निघाला. 19 ऑक्टोबरला कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास सोडलं आणि 23 डिसेंबरला बार्बाडोस गाठलं. वाटेत एकदा त्याची उशी पाण्यात पडली. ती आणायला हा पोहत गेला आणि मागे वळून बघतो तर होडी वाऱ्याबरोबर चालू लागलेली. तिला आवरून धरणारा छत्रीसारखा कापडी नांगर गुरफटला होता. तो पुन्हा उघडला म्हणून डॉक्टर होडीपर्यंत पोचला. फुगवलेली होडी पाण्यात थोडी आणि हवेत जास्त असते; वाऱ्याने मनावर घेतलं तर पट्टीचा पोहणाराही मागे राहतो. शिडी वगैरे पुढच्या गोष्टी, आधी होडी हाताला लागायला हवी. मागे सोडलेली एक तरंगती दोरी हे काम स्वस्तात करते. पण तिचा फोटो चांगला येत नाही, म्हणून ती कोणी बांधत नाही.

युरोपीय संघाने हा नाखव्याचा प्रश्न कायद्यातच घातला. हौशी बोटींबद्दलच्या 2013 च्या निर्देशात म्हटलं आहे की परत चढण्याचं साधन पाण्यातल्या माणसाला, दुसऱ्या कोणाच्या मदतीवाचून, गाठता किंवा उघडता आलं पाहिजे. अमेरिकेच्या बोट अँड यॉट कौन्सिलचं मानक आणखी खोलात, शब्दशः खोलात, जातं. शिडीची सर्वांत खालची पायरी पाण्याच्या पातळीखाली किमान 22 इंच हवी. पायरी याहून वर असली की तरंगणाऱ्या माणसाला गुडघा हनुवटीपाशी आणावा लागतो, आणि ज्याला ते जमतं त्याला मुळात शिडी लागत नाही.

साहेबांनी नाखव्याचं ऐकून शिडी घेतली. घेतली आणि नीट ठेवली. पिशवीत गुंडाळली, पिशवी पुढच्या पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या खिशात. पुढच्या रविवारी साहेब पाण्यात, किल्ली साहेबांबरोबर आणि शिडी अगदी सुरक्षित.

ही पहिली शिडी पट्ट्याची होती, प्लॅस्टिकच्या पायऱ्यांची. किंमत सगळ्यात कमी, घडी सगळ्यात लहान. शिडीची निवड कोरडा माणूस करतो आणि वापर ओला माणूस करतो, त्यामुळे दुकानात घडीच बघितली जाते. पाण्यात सोडल्यावर कळतं की प्लॅस्टिकच्या पायऱ्या तरंगतात. मग खालच्या पायरीला शिशाची वजनं बांधायची. वजनं बांधल्यावर शिडी सरळ लोंबते, साहेब पायरीवर पाय ठेवतात, आणि पाय पायरीसकट होडीच्या पोटाखाली निघून जातो. ट्यूब गोल, तिच्याखाली आधार काहीच नाही. शिडीला टेकायला भिंत नसली की ती पायाबरोबर जाते. हात वर दोरीला, पाय पुढे तळाखाली, पाठ पाण्यावर. योगवर्गात याला नौकासन म्हणतात आणि त्यात नौकेवर चढणं अपेक्षित नसतं.

याच किनाऱ्यावर खाली मुरूडला जंजिऱ्याची एक कथा सांगतात. लाय पाटलाने शिवकाळात रातोरात होड्यांतून जाऊन किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंत पेशव्यांची माणसं वेळेवर पोचली नाहीत आणि उजाडायच्या आत त्याला शिड्या काढून घ्याव्या लागल्या. त्याला निदान तट तरी जागच्या जागी मिळाला होता. साहेबांचा तट पाय लावला की झुकतो.

मधला एक मार्ग आहे, पण तो दुकानात मिळत नाही, कारण त्यात नफा नाही. जाड दोराचा एक फास करायचा, तो पाण्यात दीड-दोन फूट खाली राहील असा मागच्या फळीच्या कडीला बांधायचा आणि त्यात पाय घालून उभं राहायचं. तिथे पायाला टेकायला निदान लाकूड असतं. नाखव्याने हेच सुचवलं. साहेबांनी फास हा शब्द ऐकला आणि स्टीलच्या शिडीची चौकशी सुरू केली.

स्टीलच्या शिडीत पहिला प्रश्न स्टीलचाच. साहेब फ्रीजवरचं गणपतीचं मॅग्नेट घेऊन दुकानात गेले. चिकटलं नाही, म्हणजे माल अस्सल, असा निकाल दिला. खाऱ्या पाण्यासाठी 316 नावाचं स्टेनलेस घ्यावं लागतं, कारण त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्षाराने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते आवर घालतं. स्वयंपाकघराच्या सिंकचं 304 स्टील त्याचं भावंड. मॅग्नेट साधारणपणे दोघांनाही चिकटत नाही. गणपती या बाबतीत तटस्थ आहे. फरक कळतो तो एक-दोन हंगामांनी, चहासारखे तांबूस डाग उमटल्यावर, आणि तोवर बिल हरवलेलं असतं.

पायरी गोल नळीची की रुंद पट्टीची, हे बहुतेक जण हाताने चाचपून ठरवतात. बूट काढून त्या नळीवर सगळा भार टाकून अर्धं मिनिट उभं राहिलं तर निकाल लगेच लागतो, पण वातानुकूलित दुकानात अनवाणी उभं राहायला साहेबांना संकोच वाटला.

आता बसवणं. छोट्या होडीत कठीण म्हणावी अशी जागा एकच, मागची फळी. त्यामुळे तिथे गर्दी. मधोमध इंजिन, खाली पाणी काढायचं बूच, दोन्ही बाजूंनी मागे आलेली ट्यूबची निमुळती टोकं आणि उरलेल्या वीतभर जागेत शिडी. इंजिन पूर्ण वळवलं तरी शिडीला लागता कामा नये. आणि शिडी पंख्याच्या शेजारी असल्यामुळे माणूस चढताना इंजिन बंद हवं. न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे. यावर विनोद नाही.

फळी बहुधा प्लायवूडची असते. तिला नुसतं भोक पाडून बोल्ट आवळला तर पाणी थरांत शिरतं आणि फळी आतून कुजते, बाहेरून रंग तसाच छान. म्हणून भोक मोठं पाडायचं, इपॉक्सीने बुजवायचं, ते कडक झाल्यावर त्यातूनच पुन्हा बोल्टापुरतं पाडायचं, आतून रुंद पट्टी द्यायची आणि सगळीकडे सीलंट भरायचं. साहेबांच्या सुताराला हा द्राविडी प्राणायाम वाटला. “एकदा पाडलं की झालं,” तो म्हणाला, आणि त्याने पाडलं.

ज्यांना भोक नको असतं ते ट्यूबवर कडी चिकटवतात. इथे रसायनशास्त्र सुरू होतं. पीव्हीसीच्या होडीला पॉलियुरेथेनचा गोंद, हायपॅलॉनच्या होडीला निओप्रीनचा. अदलाबदल केली तर कडी हातात येते. गोंद नीट लागला तरी ओढ कोणत्या दिशेने बसते हे महत्त्वाचं. कापडाच्या पातळीत सरळ ओढलं तर ठिगळ माणसाचं वजन सहज झेलतं, पण कडेने वर सोलून काढल्यासारखं ओढलं तर तेच मुकाट्याने सुटून येतं. शिडीचा पट्टा ट्यूबवरून पलीकडच्या कडीपर्यंत न्यायचा तो यासाठीच.

आणि डब्यावर बारीक अक्षरात एक अट असते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी हवी, कारण गोंदातला द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि चिकटणं फसतं. ही अट लिहिणाऱ्याने कोकणचा किनारा पाहिलेला नसावा. साहेबांनी होडी बेडरूममध्ये नेली आणि एसी लावला. हवा कोरडी झाली. मग गोंदाचा वास आला. त्या वाफा डोक्यात जातात, खिडकी उघडणं भाग. खिडकी उघडली की खाडीची सगळी आर्द्रता आत. घरच्या मंडळींनी चादरी घेतल्या आणि हॉलमध्ये मुक्काम हलवला. एकदा चिकटवल्यावर निदान चोवीस तास हवा भरायची नाही, असंही डब्यावर होतं. धाकट्या मेव्हण्याने सकाळी पंप आणला.

शेवटी फळीवर 316 ची घडीची शिडी बसली. खालची पायरी बरोबर खोलीवर जाते, उघडायची पट्टी पाण्यातून हाताला येते, पायऱ्या रुंद आहेत. साहेब अभिमानाने सगळ्यांना दाखवतात. हल्ली तिच्यावर टॉवेल वाळत असतात, दोन बनियन, एक बर्म्युडा आणि मुलांची पोहायची टोपी. परवा धाकटा मेव्हणा पाण्यातून ओरडला तेव्हा साहेब घाईघाईने उठले.

“आलो आलो,” ते म्हणाले, “जरा कपडे काढतो, ओले होतील.”