पाटे, पत्रा आणि पाहुणे

पावसाळ्यातल्या शनिवारी चेलाडी फाट्यावर उभं राहिलं, की हायवे सोडून नसरापूरकडे वळणाऱ्या एसयूव्ही गाड्यांची रांग दिसते. कुणी राजगडला निघालेलं, कुणी तोरण्याला, कुणी मढे घाटाला. काचा वर, आत एसी, बाहेर चिखलाचा एक शिंतोडा नाही. मधेच त्या रांगेत एखादी जुनी बोलेरो घुसते. टपावर ताडपत्रीखाली खताची पोती, मागच्या आडव्या सीटवर दुधाचा कॅन मांडीत धरून बसलेले कुणीतरी आबा, आणि धुराचा एक जाड पट्टा. कागदोपत्री दोन्ही गाड्या एकाच जातीच्या. संस्कार तेवढे वेगळे.

जुनी वस्तू घेऊन वापरायची लाज आमच्या गावाला कधीच नव्हती. नसरापूरच्या बनेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास बांधलं. तिथली घंटा बघा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या अशा कितीतरी घंटा देशावर येऊन देवळादेवळांत टांगल्या गेल्या, त्यातलीच ही. पहिल्या मालकाची खूण खोडायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. सेकंडहँड घेतली आणि पावणेतीनशे वर्षं रोज वापरली! रोजच्या वापराला जुनी गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी घरात हाच दाखला दिला. ‘घंटेला डिझेल लागत नाही,’ एवढंच उत्तर आलं.

घ्यायची कुठली, यावर गावात एकमत होणं शक्य नव्हतं. सुमोचे भक्त अजून आहेत. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या नावावरून बारसं झालेली ही गाडी १९९४ साली आली आणि २०१९ साली बंद पडली. पण तिच्यातून वऱ्हाड नेलेले लोक तिच्याबद्दल आजही हळवे होतात. ट्रॅक्स म्हणजे वडापाची मूळ देवता. तिच्यात नक्की किती माणसं बसतात, हे बजाज टेम्पोलाही कधी कळलं नसेल. स्कॉर्पिओ २००२ ची. पुढेमागे ग्रामपंचायतीला उभं राहायचा विचार असल्याशिवाय ती घेऊ नये, असं माझं मत आहे. उरली बोलेरो. २००० साली आलेली, नाशिकला बनणारी, दिसायला चौकोनी, स्वभावानेही चौकोनी. मुख्य म्हणजे नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत कुठेही बंद पडली, तरी तिथला कुणीतरी ती उघडू शकतो. माझी शाळा विंझरच्या अलीकडे आहे. मला आणखी काय हवं होतं?

मिळाली ती २०११ ची, एमएच बारा. दुरुस्तीला नेली, तेव्हा मिस्त्रींनी बोनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, त्यावर तळहात धरला, मग काठीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प. मग म्हणाले, ‘सर, इंजिन बोलतंय चांगलं. बाकीचं आपण बोलू.’

बाकीचं म्हणजे मुख्यतः पाटे. बोलेरोला मागे पाटे असतात; पोलादाच्या कमानदार पट्ट्या, एकावर एक रचलेल्या, सगळ्यांत लांब तो मेन पाटा. ओझं पडलं की कमान सरळ होते, उतरलं की पुन्हा वर येते. आमच्या गाडीच्या पाट्यांनी वर यायचं सोडून दिलं होतं. रिकामी गाडीसुद्धा मागून बसलेली दिसायची. पाटेवाल्याने यू-बोल्टवर डिझेल ओतून ठेवलं, पान्याला पाइप जोडून त्यावर सगळं अंग टाकलं. गंज खाऊन बसलेले नट कुरकुरत सुटले. पट्ट्या वेगळ्या केल्यावर मधली एक तुटलेली निघाली. तिच्या दोन्ही तुकड्यांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे तुटून बराच काळ लोटला होता आणि शेजारच्या पट्ट्यांनी तो भार मुकाट्याने उचलला होता. ती बदलली. उरलेल्या त्याने ऐरणीवर ठेवल्या आणि घणाने ठोकत टोकापासून टोकापर्यंत गेला. मधे थांबून एकीवर दुसरी ठेवायची, डोळा बारीक करून फट बघायची, पुन्हा ठोकायची. मोजपट्टी त्याने एकदाही हातात घेतली नाही. आता गाडीचं मागचं अंग असं वर आलंय, की रिकामी असली तर ती खड्ड्यात टुणकन उडते. मागे इंद्रायणीची दोन पोती टाकली की शहाण्यासारखी वागते. त्यामुळे आमच्याकडे तांदूळ गाडीतच असतो.

दुसरी गोष्ट पत्रा. वेल्ह्याकडचा पाऊस चार महिने खालून, वरून, बाजूने येतो, आणि भातखाचरातला चिखल चॅसीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो तो दिवाळीनंतरही ओलाच असतो. गाडी धुणारे वरून धुतात. गंज खालून येतो. पायाखालचं मॅट उचलून मी स्क्रूड्रायव्हरने टोचत गेलो, तर ड्रायव्हरच्या बाजूला तो सरळ आरपार गेला आणि खालची जमीन दिसली. लांबी भरून वर रंग मारला असता तर दोनशे रुपयांत काम झालं असतं. मिस्त्रींनी सडका भाग कापून काढला, नवा पत्रा वेल्डिंग करून बसवला, वर रेडऑक्साइड आणि खालून डांबरी कोटिंग.

पुढे ब्रेकचे पॅड, मागच्या ड्रमचे लायनर, टायरॉडचे जॉइंट, पाचही टायर. थोडे सुटे भाग नाना पेठेत मिळाले. दाराचं एक हँडल मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलं; तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथे हँडल शोधायला गेलेला माणूस पितळी तांब्या घेऊन परत येतो.

एवढं सगळं झाल्यावर गाडी दारात उभी केली. पाहुणे आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘रंग मारून घ्या की!’ आमच्याकडे जुन्या गाडीची किंमत रंगावरून आणि मालकाची किंमत गाडीवरून ठरते. लायनर बघायला ड्रम उघडून दाखवू का, असं मी विचारलं. त्यांनी चहा मागितला. पुतण्याला पुढे जाडजूड लोखंडी बुलबार हवा होता. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डना मनाई करायला राज्यांना सांगितलंय, आणि ते बरोबरच आहे. रस्त्यावरच्या माणसाला बसणारा मार त्याने वाढतो. ‘पण लुक येतो, काका,’ हा त्याचा मुद्दा होता. त्याला मी मागच्या काचेवर एक वाक्य लिहायची परवानगी दिली. ते तो अजून ठरवतोय.

कागदांचं एकच सांगतो. पंधरा वर्षं झाली की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली. शिवाय फिटनेस आणि पर्यावरण कर. स्वस्त गाडीच्या हिशेबात हे धरायला लोक विसरतात. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० तर व्यवहाराच्या दिवशी, विकणारा समोर बसलेला असतानाच सही करून घ्यावेत. नंतर त्याचा फोन लागत नाही.

माझी गाडी मूळच्याच पांढऱ्या, जागोजागी उडालेल्या रंगात रोज शाळेला जाते, आणि वेळेवर थांबते. तुम्हालाही अशी एखादी घ्यायची असेल, तर जुलैत बघायला जा आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलायला सांगा. मालक ‘कशाला?’ म्हणाला, तर चहा घ्या आणि एसटीने परत या.